महावृक्षांची नावे : ‘सेक्वोया’ या संज्ञेच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा ही पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरली आहे. ‘सिएरा नेवाडा’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘हिमाच्छादित रांग’ असा आहे. या रांगेच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० ते २१५० मीटर उंचीच्या चिंचोळ्या पट्ट्यात, पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड वृक्ष उभे आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार त्यांना मिळालेल्या नावांच्या अंगाने करावयाचा आहे.

वस्तूला नाव देणे म्हणजे तिच्यावर चिठ्ठी डकवणे, अशी एक समजूत आढळते. चिठ्ठी बदलली तरी वस्तू तीच राहते, असे त्या समजुतीत गृहीत धरलेले असते. काही मर्यादेपर्यंत हे खरेही आहे. परंतु नाव हे पाहण्याची एक रीतही असते. समोरच्या पसाऱ्यातून कोणती वस्तू वेगळी काढावयाची आणि कोणती पार्श्वभूमीत सोडून द्यावयाची, हे नाव देणारा नकळत ठरवीत असतो. सेक्वोया वृक्षांच्या बाबतीत या निवडीचे परिणाम शब्दकोशापुरते राहिले नाहीत. ते प्रत्यक्ष रानावर झाले. ते कसे झाले, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. वृक्ष आणि त्यांचे रान

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सामान्य बोलण्यात ‘सेक्वोया’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे वृक्ष येतात. पहिला, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ, धुक्याच्या प्रदेशात वाढणारा ‘रेडवुड’ होय. त्याचे शास्त्रीय नाव ‘सेक्वोया सेम्परव्हिरेन्स’. हा जगातील सर्वांत उंच वृक्ष आहे. २००६ मध्ये आढळलेल्या आणि ‘हायपेरिऑन’ असे नाव दिल्या गेलेल्या एका रेडवुडची उंची ११५ मीटरांहून अधिक भरली. दुसरा, सिएरा नेवाडाच्या उतारावरचा महाकाय सेक्वोया. त्याचे शास्त्रीय नाव ‘सेक्वोयाडेन्ड्रॉन जायगँटियम’. तो उंचीने रेडवुडहून कमी, परंतु घनफळाने सर्वांत मोठा आहे. ‘जनरल शर्मन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वृक्षाची उंची सुमारे ८४ मीटर, जमिनीलगतचा घेर सुमारे ३१ मीटर आणि खोडाचे घनफळ सुमारे १४८७ घनमीटर आहे. एका देहात इतके लाकूड साठविणारा दुसरा जिवंत वृक्ष ज्ञात नाही.

महाकाय सेक्वोयाचे रान सलग नाही. सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात तो तुटक तुटक अशा सत्तर-ऐंशी समूहांत आढळतो. अशा समूहासाठी मराठीत ‘राई’ हा नेमका शब्द आहे आणि तोच येथे वापरला आहे. या रायांत सेक्वोया एकटा नसतो. पाइन, फर इत्यादी सूचिपर्णी वृक्ष त्याच्याबरोबर वाढतात. तोडलेल्या खोडांवरील वार्षिक वलये मोजून या जातीतील काही वृक्षांचे आयुष्य ३२०० वर्षांहून अधिक होते, असे निश्चित झाले आहे.

या दीर्घायुष्याचे मर्म त्याच्या सालीत आहे. जुन्या वृक्षाची साल बुंध्याशी ६० सेंटिमीटरपर्यंत जाड असू शकते. ती तंतुमय असून तिच्यात टॅनिनचे प्रमाण पुष्कळ असते. त्यामुळे कीड, बुरशी आणि जमिनीलगतची मंद आग ही तिन्ही संकटे तो पेलू शकतो. याउलट त्याचे बीज अतिशय हलके असते. एका किलोत सुमारे दोन लक्ष बिया बसतात. हे बीज ज्या शंकूफळात असते ते वीस-वीस वर्षे हिरवे आणि मिटलेले राहू शकते. खालून आलेल्या आगीच्या उष्ण झोताने फळे सुकून उघडतात आणि बिया राखेने माखलेल्या उघड्या मातीवर पडतात. पालापाचोळ्याच्या जाड थरावर पडलेली बी रुजत नाही. तिला उघडी माती आणि ऊन लागते. म्हणजे मंद आग हा या वृक्षाच्या प्रजननाचा एक भाग आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या उत्तरार्धात तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

३. ‘शोध’ या शब्दाविषयी

महाकाय सेक्वोयाचा ‘शोध’ १८५२ मध्ये लागला, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. त्या वर्षी ऑगस्टस डाउड नावाचा एक शिकारी जखमी अस्वलाचा पाठलाग करीत कॅलाव्हेरास येथील राईत शिरला आणि समोरचे वृक्ष पाहून थक्क झाला. त्याच्या साथीदारांना त्याचे सांगणे प्रथम खरे वाटले नाही. ही हकीकत खरी आहे. मात्र ‘शोध’ हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे.

डाउडच्या आधी १८३३ मध्ये जोसेफ वॉकर यांच्या तुकडीने सिएरा नेवाडा ओलांडली होती. त्या तुकडीतील झेनास लेनर्ड यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तान्तात सोळा ते अठरा वाव घेराच्या वृक्षांचा उल्लेख केला आहे. पण तो वृत्तान्त फारसा वाचला गेला नाही आणि वृक्षाला नावही मिळाले नाही. म्हणून तो ‘शोध’ ठरला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या उतारांवर मिवोक, मोनो, योकुट्स इत्यादी लोक शतकानुशतके राहत होते आणि त्यांच्या भाषांत या वृक्षांना नावे होती. त्यांपैकी ‘वावोना’ हे नाव स्थलनाम म्हणून आजही टिकून आहे. ते मिवोक भाषेतील असून घुबडाच्या घूत्काराचे अनुकरण आहे, कारण घुबड हा या महावृक्षांचा रक्षक मानला जात असे, असे सांगण्यात येते. हे स्पष्टीकरण मान्य केले, तर या नावाचे स्वरूप फार लक्षणीय ठरते. ते वृक्षाच्या आकाराचे वर्णन करीत नाही आणि कोणा मनुष्याचे स्मरणही करीत नाही. रात्रीच्या वेळी त्या राईतून जो आवाज येतो, त्यावरून ते घडले आहे. रानात राहणाऱ्याने दिलेले हे नाव आहे. अस्वलामागे धावत आलेल्याला ते सुचण्यासारखे नव्हते.

डाउडच्या ‘शोधा’च्या एकच वर्ष आधी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी योसेमिटीच्या दऱ्यांतून मूळ रहिवाशांना हुसकून लावण्यासाठी शिरली होती. वृक्षांना नवी नावे मिळण्यास आरंभ झाला, तो जुनी नावे उच्चारणारे लोक तेथून हाकलले जात असताना. हा केवळ कालक्रमातील योगायोग नव्हे.

‘शोधा’नंतर काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. डाउडने पाहिलेला वृक्ष ‘डिस्कव्हरी ट्री’, म्हणजे शोधवृक्ष, म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १८५३ मध्ये तो पाडण्यात आला. कुऱ्हाडीने किंवा करवतीने तो पडण्याजोगा नव्हता. म्हणून पाच माणसांनी बावीस दिवस मोठ्या गिरमिटांनी त्याच्या बुंध्याला भोके पाडली. उरलेला खुंट तासून गुळगुळीत केला आणि त्यावर नाचाचे कार्यक्रम होऊ लागले. पुढल्याच वर्षी जवळच्या ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’, म्हणजे वनमाता, या वृक्षाची साल सुमारे ३५ मीटर उंचीपर्यंत सोलून काढून प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला आणि तेथून लंडनला नेण्यात आली. वनमाता अर्थातच वाळून गेली. ज्यांना विशेषनामे मिळाली, त्या पहिल्या वृक्षांची ही गत झाली. ‘वावोना’ हे नाव धारण करणाऱ्या वृक्षाच्या बुंध्यातून १८८१ मध्ये गाडी जाईल एवढे भुयार खोदण्यात आले; १९६९ मध्ये, हिवाळ्यातील बर्फाच्या भाराने तो कोसळल्याचे आढळले.

४. वेलिंग्टन की वॉशिंग्टन?

आता शास्त्रीय नावाकडे वळू. १८५३ मध्ये विल्यम लॉब या वनस्पती गोळा करणाऱ्या इंग्रज गृहस्थांनी या वृक्षाच्या बिया आणि फांद्या इंग्लंडला नेल्या. त्यावरून जॉन लिंडली यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘वेलिंग्टोनिया जायगँटिया’ असे नाव प्रसिद्ध केले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन १८५२ मध्ये निवर्तले होते. सर्वश्रेष्ठ वृक्षास सर्वश्रेष्ठ इंग्रज सेनापतीचे नाव, असा हा विचार होता. मराठी वाचकांस हा सेनापती अपरिचित नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव करणारे आर्थर वेलस्ली ते हेच.

अमेरिकेत या नामकरणाने असंतोष झाला. आमच्या भूमीवरील वृक्षाला परकीय सेनापतीचे नाव का, असा आक्षेप निघाला आणि १८५४ मध्ये विन्स्लो नावाच्या लेखकाने ‘वॉशिंग्टोनिया’ असे प्रतिनाव सुचविले. दोन्ही पक्षांचे वाद आज वाचताना एक गोष्ट जाणवते: वृक्ष कोणाचा हा प्रश्न दोघांनाही सुटलेला वाटत होता; वाद होता तो फक्त कोणत्या सेनापतीचा, एवढाच.

या वादाचा निकाल राष्ट्राभिमानाने लागला नाही. तो नामकरणाच्या नियमांनी लागला. वनस्पतींच्या शास्त्रीय नामपद्धतीत प्राथम्याचा नियम मूलभूत आहे. एखादे नाव आधी दुसऱ्या प्रजातीला दिले गेले असेल, तर तेच नाव पुन्हा नव्या प्रजातीला देता येत नाही. ‘वेलिंग्टोनिया’ हे नाव माइसनर यांनी १८४० मध्येच एका अगदी वेगळ्या कुळातील वनस्पतींसाठी वापरले होते. म्हणून लिंडली यांचे नाव बाद झाले. १८५४ मध्ये पॅरिस येथील जोसेफ द्केन यांनी हा वृक्ष किनाऱ्यावरील रेडवुडच्याच प्रजातीत, म्हणजे ‘सेक्वोया’त, घातला आणि त्यास ‘सेक्वोया जायगँटिया’ म्हटले. परंतु हेच जोडनाव १८४७ मध्ये अन्य अर्थाने योजले गेलेले असल्यामुळे तेही टिकण्यासारखे नव्हते. अखेरीस १९३९ मध्ये बुखहोल्झ यांनी दोन्ही वृक्षांच्या बीजरचनेतील व वाढीतील भेद दाखवून डोंगरावरील वृक्षासाठी ‘सेक्वोयाडेन्ड्रॉन’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. ‘डेन्ड्रॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत वृक्ष.

येथे व्याकरणाचा एक बारकावा नोंदण्याजोगा आहे. लिंडली यांचे ‘जायगँटिया’ हे विशेषण स्त्रीलिंगी होते, कारण ‘वेलिंग्टोनिया’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. ‘डेन्ड्रॉन’ नपुंसकलिंगी असल्यामुळे ते विशेषण ‘जायगँटियम’ झाले. ‘मोठी’ राई आणि ‘मोठे’ झाड यांत आपण जो लिंगानुसारी फरक करतो, तोच हा फरक होय. नाव बदलले, प्रजाती बदलली, पण लिंडली यांचे विशेषण प्राथम्याच्या नियमाने जिवंत राहिले. त्याने फक्त लिंग बदलले. इंग्लंडातील बागांत मात्र या वृक्षास आजही ‘वेलिंग्टोनिया’च म्हणतात. शास्त्राचा नियम व्यवहारातील बोलीवर चालत नाही, हे याचे उत्तम उदाहरण आहे.

५. ‘सेक्वोया’ची व्युत्पत्ती

‘सेक्वोया’ हे मूळ नाव १८४७ मध्ये व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेफान एन्डलिखर यांनी आपल्या सूचिपर्णी वृक्षांवरील लॅटिन ग्रंथात रेडवुडसाठी प्रथम वापरले. त्या नावाचा अर्थ मात्र त्यांनी कोठेही सांगितला नाही. १८४९ मध्ये ते निवर्तले. व्युत्पत्तीचा प्रश्न तेथून सुरू होतो.

पहिली उपपत्ती अशी की, हे नाव चेरोकी लोकांतील सेक्वोया या पुरुषाच्या स्मरणार्थ दिले गेले. या व्यक्तीचे कार्य भाषाभ्यासकांना परिचित असावयास हवे. सेक्वोया हा रुप्याचे काम करणारा कारागीर होता. त्यास इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु गोऱ्या लोकांचे कागद ‘बोलतात’ हे त्याने पाहिले होते. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर १८२१ च्या सुमारास त्याने चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली. प्रथम त्याने प्रत्येक शब्दास एक चिन्ह देण्याचा प्रयत्न केला होता. तो सोडून त्याने शब्दांचे अक्षरांत विभाजन केले आणि प्रत्येक अक्षरास एक चिन्ह दिले. आरंभी ८६ आणि पुढे ८५ चिन्हांची ही लिपी १८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने स्वीकारली आणि १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र तिच्यात निघू लागले.

या लिपीची देवनागरीशी तुलना उद्बोधक आहे. देवनागरीत ‘क’, ‘का’, ‘कि’ यांत मूळ व्यंजनचिन्ह समान राहते आणि मात्रा बदलतात. चेरोकी लिपीत तसे नाही. ‘का’ आणि ‘कि’ यांच्या चिन्हांत दृश्य साम्य मुळीच नसते. काही चिन्हांचे आकार रोमन अक्षरांवरून घेतलेले आहेत, पण त्यांची मूल्ये नव्हेत. रोमन ‘डी’चा आकार तेथे ‘अ’ आणि ‘डब्ल्यू’चा आकार ‘ला’ असा वाचतात. लेखन ही कल्पनाच नव्याने शोधून काढणाऱ्या बुद्धीचा हा पुरावा आहे.

दुसरी उपपत्ती अशी की, ‘सेक्वोया’ हे लॅटिन ‘सेक्वोर’, म्हणजे ‘मी अनुसरतो’, या क्रियापदावरून साधले आहे. एन्डलिखर सूचिपर्णी वृक्षांची मांडणी करताना बियांची संख्या विचारात घेत. या प्रजातीने इतर प्रजातींच्या क्रमातील जागा भरून काढली, म्हणून ‘अनुक्रमात येणारी’ असे नाव त्यांनी दिले, असा हा युक्तिवाद आहे. २०१२ मध्ये गॅरी लो यांनी त्याचा पुरस्कार केला. २०१७ मध्ये नॅन्सी मुलेडी-मेचम यांनी या प्रश्नाची पुन्हा छाननी करून नाव चेरोकी पुरुषाचेच आहे, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

भाषाशास्त्राच्या कसोट्या लावून पाहिल्यास काय दिसते? पहिली कसोटी शब्दसिद्धीची. ‘सेक्वोर’पासून लॅटिनमध्ये नामे होतात ती ‘सेक्वेन्शिया’ किंवा ‘सेक्यूटियो’ अशा धर्तीची. ‘-ओइया’ हा लॅटिन प्रत्यय नव्हे. दुसरी कसोटी ध्वनींची. चेरोकी नावाचे अक्षरविभाजन ‘स्सि-क्वो-या’ असे आहे. त्यातील ‘क्वो’ आणि ‘या’ ही दोन्ही अक्षरे शास्त्रीय नावात जशीच्या तशी आली आहेत. अंत्य ‘आ’मुळे ते लॅटिनमधील स्त्रीलिंगी नामांच्या साच्यात विनासायास बसते. तिसरी कसोटी नाव देणाऱ्याच्या सवयीची. एन्डलिखर यांनी योजलेल्या ‘ग्लिप्टोस्ट्रोबस’ (कोरीव शंकूचा) यासारख्या वर्णनात्मक नावांत ते ग्रीक शब्दांचा समास करतात. व्यक्तिनामांवरून घेतलेली नावेही त्यांच्याकडे आहेत. ‘विड्रिंग्टोनिया’ हे त्यांपैकीच. लॅटिन क्रियापदाला अपरिचित शेपूट जोडून नाव बनविणे या सवयीत बसत नाही. चौथी गोष्ट एन्डलिखर यांच्या व्यासंगाची. ते केवळ वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते; १८४५ मध्ये त्यांनी चिनी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. ज्याची लिपी अक्षरनिष्ठ नाही अशा भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या विद्वानाला नवी अक्षरलिपी घडविणाऱ्या माणसाविषयी आदर वाटावा, हे स्वाभाविक आहे.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. शेवटचे प्रमाण संभाव्यतेचे आहे, सिद्धतेचे नव्हे. पहिली उपपत्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाली, ती मुख्यतः ती हृद्य होती म्हणून. ज्याचे राष्ट्र १८३८-३९ मध्ये आपल्या भूमीतून हाकलले गेले, त्या लिपिकाराचे नाव जगातील सर्वांत उंच वृक्षास मिळाले, ही गोष्ट खरी असावी असे प्रत्येकास वाटते. व्युत्पत्तीच्या क्षेत्रात असे वाटणे हाच मोठा धोका असतो. म्हणून संशयवाद्यांनी पुरावा मागितला हे योग्यच झाले. आणि त्यांनी मागितला म्हणूनच जुनी समजूत आज अधिक भक्कम पायावर उभी आहे. मात्र एन्डलिखर यांच्या स्वतःच्या स्पष्ट शब्दांचा आधार मिळेपर्यंत ‘बहुधा’ हा शब्द गाळता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. पहिली उपपत्ती मान्य केली तरी सेक्वोयाने हा वृक्ष कधी पाहिला नव्हता. त्याचे आयुष्य खंडाच्या पूर्व आणि मध्य भागांत गेले. म्हणजे हे नाव एका मूळ रहिवाशाचा सन्मान करते खरे. परंतु ज्या मूळ रहिवाशांच्या दाराशी हे वृक्ष होते, त्यांचा एकही शब्द शास्त्रीय नावात आलेला नाही.

६. एकट्या वृक्षांची नावे

शास्त्रीय नाव जातीला मिळते. या रायांत मात्र वृक्षा-वृक्षाला विशेषनाम देण्याची प्रथा पडली, आणि तीत सेनापतींचा व राष्ट्राध्यक्षांचा भरणा झाला. ‘जनरल शर्मन’ हे नाव १८७९ मध्ये जेम्स वुल्व्हर्टन या फासेपारधी वृत्तीच्या गृहस्थाने दिले, असे सांगतात. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात शर्मन यांच्या हाताखाली लढला होता. पुढे १८८६ च्या सुमारास कावेया येथे सहकारी तत्त्वावर वसाहत करणाऱ्या समाजवाद्यांनी त्याच वृक्षास ‘कार्ल मार्क्स वृक्ष’ म्हटले. १८९० मध्ये सेक्वोया राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, १८९२ मध्ये वसाहत मोडली आणि तिच्याबरोबर ते नावही गेले. कोणते नाव टिकते हे शब्दाच्या गुणावर ठरत नसून भूमीवर सत्ता कोणाची यावर ठरते, हे यावरून दिसते.

विशेषनामाचा परिणाम दुहेरी आहे. नाव मिळालेला वृक्ष लोकांच्या मनात व्यक्ती होतो. त्याला तोडणे अवघड होते. कॅलाव्हेरासच्या वृक्षांची विटंबना पाहून जो क्षोभ झाला, त्याचा १८६४ च्या योसेमिटी संरक्षणाच्या कायद्यास आणि पुढील संरक्षक धोरणास मोठा हातभार लागला. परंतु नाव गर्दीही आणते. ‘हायपेरिऑन’ या रेडवुडची जागा गुप्त ठेवण्याचा प्रयत्न झाला. तरी प्रसिद्धीने लोक तेथे पोहोचले, मुळांजवळची माती तुडविली गेली, भोवतालची नेच्याची झुडपे नष्ट झाली आणि २०२२ मध्ये तेथे जाण्यास मनाई करावी लागली. त्या वृक्षाच्या आसपास जवळपास त्याच उंचीचे, परंतु निनावी असे वृक्ष स्वस्थ उभे आहेत.

७. नावाआड राहिलेली आग

या सर्वांहून गंभीर परिणाम वेगळाच आहे. वृक्षांना नावे मिळाली, पण वृक्ष ज्या व्यवहारावर जगतात त्या व्यवहाराला नव्या भाषेत नाव मिळाले नाही.

सेक्वोयाच्या खोडांवरील आगीच्या व्रणांचा वलयांशी ताळा घालून अभ्यासकांनी तीन सहस्र वर्षांचा इतिहास वाचला आहे. त्यावरून असे दिसते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रायांतून काही थोड्या वर्षांच्या अंतराने मंद आग वारंवार फिरत असे. काही आगी विजेने लागत. काही मूळ रहिवासी हेतुपुरस्सर लावीत. चराई, कंदमुळे, शिकार आणि वाटा मोकळ्या ठेवणे यांसाठी केलेली ती एक प्रकारची रानाची मशागतच होती. हे लोक गेल्यावर ती मशागत थांबली. नव्या व्यवस्थापकांच्या शब्दकोशात आगीसाठी एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ ‘शत्रू’ असा होता. आपल्याकडील शेतकऱ्याला ‘वणवा’ आणि ‘राब’ यांतला फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. पहिले अरिष्ट, दुसरे काम. तसा भेद करणारा शब्द त्या व्यवस्थेजवळ नव्हता. त्यामुळे दिसेल ती आग विझविणे हेच रक्षण ठरले.

परिणाम असा झाला की सुमारे शंभर वर्षे रायांत पालापाचोळा आणि दाट झुडपे साठत गेली. नवी सेक्वोयाची रोपे जवळजवळ दिसेनाशी झाली. १९६३ मध्ये लिओपोल्ड समितीच्या अहवालाने या धोरणावर बोट ठेवले. १९६४ पासून रिचर्ड हार्टेस्व्हेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून आगीनंतरच रोपे उगवतात हे दाखविले, आणि १९६८ पासून सेक्वोया व किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांत हेतुपूर्वक मंद आग लावण्यास आरंभ झाला. मात्र जेवढे क्षेत्र जाळावयास हवे होते, त्याच्या मानाने हे काम फार थोडे झाले.

२०१२ ते २०१६ या दुष्काळाने शेजारचे पाइन वृक्ष मोठ्या प्रमाणावर वाळले. वाढत्या उष्णतेने साठलेले इंधन आणखी कोरडे केले. २०२० च्या कॅसल वणव्यात ७५०० ते १०,६०० मोठे सेक्वोया मेले, असा उद्यानाचा अंदाज आहे. २०२१ च्या दोन वणव्यांत आणखी २२६१ ते ३६३७ गेले. दोन वर्षांत एकूण मोठ्या वृक्षांपैकी १३ ते १९ टक्के नाहीसे झाले. ही मंद आग नव्हती. ती शेंड्यापर्यंत पोहोचणारी आग होती, आणि तिच्यापुढे ६० सेंटिमीटरची सालही निरुपयोगी ठरली. २०२१ मध्ये ‘जनरल शर्मन’च्या बुंध्याभोवती अग्निरोधक ॲल्युमिनियमचे आवरण गुंडाळण्यात आले आणि तो वाचला. ते आवरण गुंडाळणे योग्यच होते. परंतु नाव असलेल्या वृक्षाला वस्त्र मिळाले आणि निनावी वृक्ष सहस्रांनी गेले, हे वृत्त वाचताना नामकरणाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे.

येथे हेही सांगितले पाहिजे की, ‘जनरल शर्मन’ ज्या राईत आहे तेथे पूर्वीपासून मंद आगीचे काम नियमाने होत आले होते. तिच्या बचावात त्या कामाचा वाटा फार मोठा होता. वृक्ष वाचला तो केवळ आवरणाने नव्हे. जुना व्यवहार पुन्हा शिकून घेतल्यामुळेही. अलीकडच्या काळात या कामात मूळ रहिवाशांच्या वंशजांचे ज्ञान आणि सहभाग मागितला जाऊ लागला आहे.

८. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा: एकाच वृक्षावर चार प्रकारची नावे पडली. रहिवाशांचे नाव आवाजावरून आले; सेनापतींची नावे अभिमानातून आली; शास्त्रीय नाव नियमाने आले; आणि एकेका वृक्षाचे विशेषनाम कौतुकातून आले. यांपैकी शास्त्रीय नावाने निश्चितता दिली आणि विशेषनामाने काही वृक्ष वाचविले, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण रानाच्या व्यवहाराचे शब्द जपले गेले नाहीत. ते शब्द गेले तेव्हा त्यांनी दर्शविलेले ज्ञानही व्यवहारातून गेले, आणि ते पुन्हा मिळविण्यास शंभर वर्षे व सहस्रावधी वृक्ष खर्ची पडले.

आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांस यातून एक काम सुचवावेसे वाटते. सह्याद्रीतील देवरायांची वनस्पतिशास्त्रीय पाहणी वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केली. तीमुळे त्या रायांकडे विद्वानांचे लक्ष गेले. शब्दांच्या अंगाने मात्र पुष्कळ काम उरले आहे. ‘आमराई’, ‘देवराई’ यांतील ‘राई’ हा शब्द संस्कृत ‘राजि’, म्हणजे रांग, या शब्दाशी जोडला जातो. कोकणात काही ठिकाणी देवराईस ‘देवरहाटी’ म्हणतात. ही नामे कोशांत सापडतील. परंतु राईत काय तोडावयाचे नाही, वाळलेले कधी उचलावयाचे, पाचोळा केव्हा गोळा करावयाचा, आग कोणत्या बाजूने थोपवावयाची, या क्रियांचे शब्द बहुधा कोशांत सापडणार नाहीत. ते गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडी आहेत. झाडाचे नाव विचारून वही मिटू नये. त्या झाडाशी माणसे काय करतात आणि त्या करण्याला काय म्हणतात, हेही विचारावे. आणि सांगणारे आहेत तोवर विचारावे.